सगुणाचा रेलिक्ट

"दगडाला हात लावू नका," मी म्हणालो. "खालचं सिमेंट अजून ओलं आहे."

उजागरेंनी हात मागे घेतला, पण बोट तसंच रोखलेलं ठेवलं. रविवारची उपासना नुकतीच संपली होती. चर्चच्या मागेच आमची दफनभूमी. उपासनेनंतर लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला येतात, तसे आले होते. माझ्या बायकोचा, सगुणाचा दगड मी आदल्या दिवशी बसवला होता. तो बघायला दहा-पंधरा जण जमले आणि त्यांच्यात शमुवेल उजागरे, आमच्या मंडळीचे सेक्रेटरी.

"ही शेवटची ओळ काय आहे?" त्यांनी विचारलं.

"वाचा की."

दगडावर तिचं नाव होतं, त्याखाली 'शिक्षिका' असा शब्द, जन्माची तारीख आणि 'प्रभूमध्ये झोपी गेली' म्हणून दुसरी तारीख. ती तारीख चार महिन्यांपूर्वीची होती. सगळ्यात खाली मी खोदलं होतं: बन्यामीन, सगुणाचा रेलिक्ट.

"रेलिक्ट म्हणजे काय? रेल्वेतली पोस्ट आहे का?" उजागरे म्हणाले. "तुम्ही रेल्वेत कधी होता?"

दोघं-तिघं हसले.

"इलेक्ट असेल," लीदियाबाई कदम म्हणाल्या. त्या कमिटीवर होत्या, एकट्याच बाई. "इलेक्ट म्हणजे देवाने निवडलेला. र चुकून पडला असेल."

"दगडात र चुकून पडत नाही, बाई," मी म्हणालो. "र खोदायला मला पाऊण तास लागतो."

उजागरे विचार करत होते. एकदम त्यांचा चेहरा बदलला. "रेलिक," ते म्हणाले. "संतांची हाडं. काचेच्या पेटीत ठेवतात आणि लोक पेटीचे मुके घेतात. भिंगारदिवे, हे आपल्यात चालत नाही. आपण प्रोटेस्टंट आहोत."

"आपण कोण आहोत ते मला माहीत आहे."

"मग हा शब्द काढून टाका. पुढच्या रविवारच्या आत."

"नाही काढणार," मी म्हणालो.

हसणाऱ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मंडळीत कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. तीस वर्षं त्या जमिनीत मीच दगड खोदत आलो होतो. उजागरेंच्या वडिलांचा दगड माझ्या हातचा. लीदियाबाईंच्या मालकांचाही. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मला येत होती पण ती आकार म्हणून, जशी मोराची नक्षी येते तशी. कागदावर जे लिहून येई ते मी खोदत असे. अर्थ विचारत नसे.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दगडावरचा मजकूर आधी कमिटीला दाखवायचा नियम होता. मी दाखवलेल्या कागदावर शेवटची ओळ नव्हती. दाखवली असती तर त्यांनी खोदू दिली नसती.

"चार वाजता मिटिंग," उजागरे म्हणाले. "ओहोळमास्तरांना डिक्शनरी घेऊन बोलावतो. मग बघू."

जाताना लीदियाबाई माझ्याजवळ थांबल्या. "बन्यामीनभाऊ, एवढा शब्द गेला तर काय बिघडणार आहे? नाव तर राहतंय तिचं."

"शब्द तिचाच आहे," मी म्हणालो. "तो गेला तर फक्त नाव राहील."

त्यांना ते कळलं नाही, आणि मी समजावलं नाही.

चार वाजता आम्ही चर्चच्या मागच्या खोलीत बसलो. टेबलाच्या मधल्या खुर्चीत पाळकसाहेब, एका बाजूला उजागरे आणि लीदियाबाई, दुसऱ्या बाजूला कमिटीचे आणखी दोघे. ते दोघे उजागरे बोलले की मान हलवत आणि उजागरे थांबले की त्यांचीही मान थांबे. मला स्टूल दिलं होतं. ओहोळमास्तर शेवटी आले. हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर, सत्तरीच्या पुढचे. दोन्ही हातांनी छातीशी धरून त्यांनी डिक्शनरी आणली होती आणि ती टेबलावर ठेवल्यावर ते थोडा वेळ नुसते दम घेत बसले.

"मास्तर," उजागरे म्हणाले, "रेलिक काढा."

"स्पेलिंग सांगा."

"बन्यामीनने मराठीत खोदलंय. स्पेलिंग कुठलं?"

"आर, ई, एल, आय, सी, टी," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "शेवटी टी आहे? मग रेलिक नव्हे." ते पानं उलटत गेले, बोट खाली आणत थांबले आणि म्हणाले, "आहे."

"काय आहे?"

"रेलिक्ट. विधवा."

मग त्या मान हलवणाऱ्या दोघांपैकी एक जण फिसकन हसला.

"म्हणजे," उजागरे सावकाश म्हणाले, "बन्यामीन भिंगारदिवे, सगुणाची विधवा. असं खोदलंय तुम्ही?"

"सगुणाचा," मी म्हणालो. "ची नाही खोदलं."

"तुम्हाला अर्थ माहीत होता?"

"होता."

"आणि तरी?"

"म्हणूनच."

हाडांची गोष्ट तिथेच संपली. पण आता उजागरेंना जास्त राग आला होता. ते म्हणाले, हे हाडांपेक्षा वाईट आहे. पुरुष माणूस स्वतःला बाईचा शब्द लावून घेतो, तोही चर्चच्या जमिनीत. पुण्या-मुंबईहून पाहुणे येतात, लग्नाची वऱ्हाडं येतात, इंग्रजी कळणारी माणसं येतात. ती वाचून हसतील.

"हसू द्या," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही, मंडळीला हसतील. आणि तुमचाही विचार करतोय मी. अजून पन्नाशी नाही तुमची. राहुरीचं स्थळ मी तुम्हाला सांगितलंच होतं."

सांगितलं होतं. सगुणाला पुरून महिना झाला नव्हता तेव्हा ते माझ्या घरी आले होते. त्यांच्या चुलतबहिणीची नणंद, नर्स, शांत स्वभावाची. मी चहा केला होता आणि साखर कुठे ठेवली आहे ते मला सापडत नव्हतं. उजागरे म्हणाले होते, बघा, घरात बाई नसली की असं होतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ते साखर शोधायलाही उठले होते.

"असा दगड पाहिल्यावर कोण मुलगी देईल तुम्हाला?" ते आता म्हणाले.

"मी मागितली नाही."

लीदियाबाई इतका वेळ टेबलावरचं कापड सारखं करत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आमचे मालक गेले त्याला तेवीस वर्षं झाली. तेव्हापासून मंडळीच्या प्रत्येक यादीत माझ्या नावामागे विधवा लिहितात. त्यावर कधी मिटिंग झालेली मला आठवत नाही."

"ते वेगळं, बाई," उजागरे म्हणाले.

"हो, वेगळं आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. ह्यांनी स्वतःहून लावून घेतलंय."

ओहोळमास्तरांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ते वाचत होते. बोट पानावर पुढे सरकत होतं आणि ओठ हलत होते.

"इथे गंमत आहे," ते म्हणाले. "मूळ शब्द लॅटिन. रेलिंक्वेरे. मागे सोडून जाणे. रेलिक्ट म्हणजे ज्याला मागे सोडलं तो. किंवा ती. मुळात बाईच असं नाही. फार जुन्या इंग्रजीत मागे उरलेलं कुणीही चाले. पुढे तो बायकांनाच चिकटला."

"मास्तर, मुद्द्याचं बोला," उजागरे म्हणाले.

"मुद्द्याचंच बोलतोय. तुमचं ते रेलिकसुद्धा ह्याच मुळातून आलंय. संत गेले, हाडं मागे राहिली. खलाशी सोडून गेलेल्या बेवारशी जहाजाला डेरेलिक्ट म्हणतात, तेही ह्याच घरातलं. आणि थांबा." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "शास्त्रात आणखी अर्थ आहे. पूर्वीच्या काळातलं एखादं झाड. बरोबरचं सगळं रान नाहीसं झालं, हे एकटं एखाद्या दरीत जगून राहिलं, तर त्या झाडाला रेलिक्ट. तसंच दगडाला. आजूबाजूचा खडक झिजून वाहून गेला आणि जो भाग तसाच उभा राहिला, तो रेलिक्ट."

हे मला माहीत नव्हतं. सगुणानेही सांगितलं नव्हतं. तिच्या शाळेतली डिक्शनरी लहान होती. मी मास्तरांना म्हणालो, "ते दगडाचं पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. मी तीस वर्षं खाणीत जात होतो. असा दगड मी पाहिला होता. चहूबाजूंचा मऊ मुरूम पावसाने नेलेला आणि मधे माणसाएवढा काळा दगड, नुसता उभा. त्याला नाव असतं हे मला त्या दिवशी कळलं.

"मास्तर, एका वाक्यात सांगा," उजागरे म्हणाले. "शब्द चूक की बरोबर?"

ओहोळमास्तरांनी डिक्शनरी मिटली. "चूक म्हणता येणार नाही. वापर जुना आहे."

मास्तरांना आणलं होतं मला खोटं पाडायला, आणि त्यांना ह्याची आठवणही राहिली नव्हती.

पाळकसाहेब तरुण होते, आमच्याकडे येऊन त्यांना वर्षच झालं होतं. त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "भिंगारदिवे, पती हा साधा शब्द आहे. विधुर आहे. तुम्हाला हाच का पाहिजे?"

"ते माझं आणि तिचं आहे, साहेब."

"आम्हाला सांगितलंत तर कदाचित आम्हाला समजेल."

"समजेल म्हणूनच सांगत नाही. मग तुम्ही दया म्हणून ठेवाल. मला तो दयेवर ठेवायचा नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली केली नाही.

उजागरेंनी मत घ्यायला सांगितलं. शब्द काढावा म्हणून उजागरे आणि ते दोघे. काढू नये म्हणून लीदियाबाई. पाळकसाहेबांनीही राहू द्यावा म्हणून हात वर केला. तीन विरुद्ध दोन.

"ठरलं," उजागरे म्हणाले. "ती ओळ तासून काढायची."

"तासता येणार नाही," मी म्हणालो.

"का?"

"अक्षरं उठावाची नाहीत, खोल आहेत. उठावाची असती तर वरून उडवता आली असती. ही मी पाव इंच आत नेली आहेत. ती घालवायची तर दगडाचा सगळा दर्शनी भाग पाव इंच खाली घ्यावा लागेल. म्हणजे तिचं नावही जाईल, तारखाही जातील. तेवढीच ओळ तासली तर खळगा पडेल, त्यात पाणी साचेल आणि दगड फुटेल. हवं तर दुसरा कारागीर बोलावून विचारा."

"तुम्ही मुद्दाम खोल खोदलं."

"हो."

पाळकसाहेब म्हणाले, सगुणाबाईंचं नाव घालवायला मी परवानगी देणार नाही. ते दोघे मान हलवायची की नाही ह्या विचारात पडले. मग त्यांच्यातलाच एक म्हणाला, "सिमेंट भरलं तर? अक्षरं बुजून जातील."

उजागरे माझ्याकडे वळले. "सिमेंट भरता येतं?"

"येतं."

"तुमची हरकत?"

"मी काढणार नाही म्हणालो. भरणारही नाही. तुम्हाला भरायचं तर भरा."

त्यांना वाटलं मी वाकलो. लीदियाबाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण बाहेर पडताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी उजागरेंनी त्र्यंबक गवंड्याला पाठवलं. तो माझ्या ओळखीचा. मी आधीच तिथे जाऊन बसलो होतो. त्याने घमेलं खाली ठेवलं, मला पाहिलं आणि ओशाळला.

"भिंगारदिवे, मला पाठवलंय म्हणून आलो."

"कर की. पण आधी अक्षरं धुवून घे. आत धूळ आहे, सिमेंट धरायचं नाही."

त्याने धुतली.

"रेती बारीक चाळून घे. जाड घेतलीस तर महिन्यात सुटेल."

त्याने चाळली. मग थापी हातात घेऊन थांबला. "तुमच्याच बायकोचा दगड, तुमचंच नाव, आणि तुम्हीच मला हे सांगताय?"

"काम करायचं तर नीट करावं. सगळी ओळ भरायची आहे का?"

"नाही. उजागरेसाहेब म्हणाले, नावं राहू देत. तेवढा शेवटचा शब्दच."

"मग कडा नीट पूस. दगडावर पसरू देऊ नकोस."

त्र्यंबक चांगला कारागीर होता. र पासून शेवटच्या ट पर्यंत त्याने भरून घेतलं, घोटलं, ओल्या फडक्याने कडा पुसल्या. आम्ही दोघांनी बिडी ओढली. तेव्हा ओल्या दगडावर ओलं सिमेंट, दोन्ही सारखंच काळं. शब्द दिसेनासा झाला होता. उजागरे दुपारी येऊन बघून गेले आणि त्यांचं समाधान झालं.

मी रोज जात होतो. मंगळवारी कडा पांढरट व्हायला लागल्या. गुरुवारी सिमेंट पूर्ण वाळलं.

पुढच्या रविवारी उपासना संपली आणि लोक मागच्या दाराने दफनभूमीकडे वळले. फाटकातच गर्दी थांबली. कुणीतरी मोठ्याने वाचलं, "रेलिक्ट."

फाटकापासून सगुणाची जागा साठ-सत्तर पावलं आहे. इतक्या लांबून काळ्या दगडावरची खोदलेली अक्षरं वाचता येत नाहीत. काळ्यात काळी, ती जवळ जाऊन, उन्हाचा कोन बघून वाचावी लागतात. तिचं नाव दिसत नव्हतं, तारखा दिसत नव्हत्या, माझं नाव दिसत नव्हतं. तो एकच शब्द राखाडी-पांढरा, पाटीवर खडूने लिहावा तसा दिसत होता.

ओहोळमास्तर काठी टेकत पुढे आले. "वा," ते म्हणाले, "काम सुबक झालंय," आणि ते फाटकातच उभे राहून शेजारच्यांना लॅटिन समजावू लागले.

उजागरे तडक माझ्याकडे आले. कान लाल झाले होते. "तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"मग मिटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

"तुम्ही मला शब्दाचं विचारलंत. दगडाचं विचारलं नाहीत."

"मी काळा रंग लावून घेतो."

"लावा. सिमेंटवर रंग उन्हाने वर्षभरात पोपडे धरतो. मग शब्द आणखी नजरेत भरेल. दरवर्षी लावावा लागेल. लावाल?"

ते उभे राहिले. मला वाटलं ते ओरडतील. पण त्यांनी दगडाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि एकदम थकल्यासारखे हळू आवाजात म्हणाले, "भिंगारदिवे, तुम्हाला काय पाहिजे होतं?"

"एवढंच," मी म्हणालो.

रंग लागला नाही. पण कमिटीने दुसरा ठराव केला, की ह्यापुढे दफनभूमीतलं काम मला द्यायचं नाही. तो त्यांनी पाळला. मी बंगल्यांच्या नावाच्या पाट्या खोदल्या, पाट्या-वरवंट्यांना टाकी लावली, पोट भरलं. त्याला आता बावीस वर्षं झाली. उजागरे गेले. त्यांचा दगड दुसऱ्याने खोदला आहे. अक्षरं उथळ आहेत, पण मी काही बोललो नाही. ओहोळमास्तर गेले. ज्यांना सांगायचं नव्हतं ते राहिले नाहीत, म्हणून आता सांगतो.

लग्नानंतर सहा-सात वर्षांनी मला कँपातल्या जुन्या इंग्रजी कबरस्तानात काम मिळालं होतं. पुसट झालेली अक्षरं पुन्हा उकरून द्यायची. शाळेला मे महिन्याची सुट्टी होती. सगुणा दुपारी डबा घेऊन येई आणि मी जेवेपर्यंत दगड वाचत हिंडे. मूलबाळ नव्हतं, घरी घाई नव्हती. एका कॅप्टनच्या बायकोच्या दगडावर हा शब्द होता. तिला तो येत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या डिक्शनरीत बघून आली.

"विधवा," ती म्हणाली. "मागे राहिलेली."

मग पदर डोक्यावर घेऊन ती त्या उन्हात सगळ्या रांगा फिरून आली. तासभर लागला तिला. भाकरी वाळून गेली.

"हा शब्द लावलेल्या नऊ बायका आहेत," ती म्हणाली. "पुरुष एकही नाही. दुसऱ्या कितीतरी बायका आधी मेलेल्या आहेत, त्यांचे नवरे नंतर मेलेले आहेत, पण त्यांना काही म्हटलेलं नाही."

तिला हे का खुपलं ते मला माहीत होतं. तिचे वडील ती पाळण्यात असताना गेले. आईला मिशनची मदत मिळे आणि मिशनच्या यादीत आईच्या नावाआधी इंग्रजीत विडो लिहिलेलं असे. यादी वाचणाऱ्या शिपायाला इंग्रजी येत नव्हतं. तो 'विडोबाई' म्हणून हाक मारायचा. मग सगळी वस्ती तिला विडोबाई म्हणू लागली. तेच तिचं नाव पडलं. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी आईचं नाव विचारलं तेव्हा सगुणानेही विडोबाई सांगितलं. तिला दुसरं माहीत नव्हतं. आईचं नाव तारा होतं, हे तिला सहाव्या वर्षी कळलं.

डबा तिने माझ्यासमोर उघडला. "अहो, मी आधी गेले तर तुम्हाला काय म्हणतील?"

"मला काय म्हणणार? बन्यामीनच म्हणतील."

"म्हणजे तुम्ही आहात तसेच."

"आता मी वेगळा कसा होणार?" मी म्हणालो. मी जेवत होतो.

ती हसली. "बरं आहे. मी गेल्याचं कुणाला कळायचंसुद्धा नाही," ती म्हणाली आणि मला चटणी वाढली.

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. पुढे ते दगडात खोदलं, पाव इंच खोल; सगळ्या दगडाला अकरा दिवस लागले.

सिमेंट अजून धरून आहे. त्र्यंबकने रेती चांगली चाळली होती. फाटकातून आत येणारा माणूस आधी तो शब्द वाचतो. मग कुणाचा, ते बघायला त्याला तिच्या नावाजवळ यावं लागतं.